तळ्याची माती, देवळाचा कळस

(मंदिर जीर्णोद्धाराच्या सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे काय, याचा उलगडा गेल्या काही महिन्यांत येथील लहान पोरांनाही झाला आहे. जुना चुना खरवडायचा, निखळलेला दगड पुन्हा बसवायचा, गळकी छपरी काढायची, गाभाऱ्यातली ओल बाहेर काढायची. हे सगळे पैशाने होते, हे खरेच. पण नुसत्या पैशाने होत नाही. कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी दोन दिवसांची मजुरी दिली, कोणी रोज सकाळी येऊन वाळू चाळून गेले. देणगीची पावती फाडता येते, चाळलेल्या वाळूची पावती कोठे फाडायची? म्हणूनच आजच्या प्रसंगी एका जुन्या प्रश्नाकडे वळावेसे वाटते. कळस चढला, पूर्णाहुती झाली, महाप्रसाद झाला. आता हे एकत्र आलेले हात कोठे जाणार?

हा प्रश्न सोलापुराला नवा नाही. बाराव्या शतकात, जेव्हा या गावाचे नाव सोन्नलगी होते, तेव्हा तो एकदा फार मोठ्या माणसांत उपस्थित झाला होता.

शिवयोगी सिद्धरामेश्वरांची कथा येथे कोणाला सांगायला नको. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा गुरे राखी. परंपरा सांगते की श्रीशैलाचा मल्लय्या जंगमाच्या वेषात शेतावर आला, हुरडा खाल्ला, आणि पोटात आग पडली म्हणून दहीभात मागू लागला. पोर घराकडे धावले. परत येऊन पाहते तर जंगम नाही. मग रडत रडत ते यात्रेकरूंबरोबर श्रीशैलास गेले आणि देव भेटत नाही म्हणून कड्यावरून उडी घेऊ लागले, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्यांना हाताशी धरले. येथपर्यंतची कथा सर्वांना पाठ असते. पुढचा भाग मात्र घाईने सांगून संपवला जातो, आणि खरे मर्म तेथेच आहे. देवाने त्या पोराला श्रीशैलावर ठेवून घेतले नाही. परत गावी जा, असे सांगितले. गावी जाऊन काय करायचे? देवालये उभारायची आणि तळे खणायचे.

तळे! भक्ताने देवाकडून जे काम आणले ते माती उकरण्याचे. सोलापूरसारख्या मुलखात यापेक्षा शहाणे काम दुसरे कोणते असणार? वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही कधी पडतो, कधी हूल देऊन जातो. भीमा काही कोस दूर. जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी; पण तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. वरचे पाणी अडवले नाही तर ते ओढ्यानाल्यांनी वाहून जाते आणि उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसू लागतात. नऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी या जागी तळे खणायचे ठरवले, त्यांना भूगोलाचे पुस्तक कोणी वाचून दाखवले नव्हते.

हे तळे कोणा राजाने हुकूम सोडून खणवले अशी आठवण लोकांनी जपलेली नाही. सिद्धरामांच्या शब्दावर लोक जमले आणि कुदळी चालल्या, ही आठवण जपली आहे. आजच्या भाषेत ज्याला श्रमदान म्हणतात ते हेच. त्या खणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. आज देवळाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागते, आणि लागावी. दिलेल्याची नोंद राहिली तर पुढचा द्यायला धजतो. पण सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर उभे राहिले की ध्यानात येते, ज्यांनी सर्वांत जास्त दिले त्यांची पाटी नाही.

आता त्या मोठ्या माणसांच्या भेटीची गोष्ट. तळ्याचे काम चालू असताना अल्लमप्रभू सोन्नलगीला आले. बसवेश्वरांच्या काळातले हे परम ज्ञानी पुरुष; कोणाची भीड ठेवणारे नव्हेत. कन्नड परंपरेत ही भेट फार रंगवून सांगितली आहे. आल्या आल्या त्यांनी विचारले, तो वड्डरांचा रामय्या कोठे आहे? वड्डर म्हणजे आपले वडार. माती खणणारे, दगड फोडणारे. आपल्या गुरूला वडार म्हटले म्हणून कामावरची माणसे संतापली आणि त्यांनी अल्लमांवर दगडांचा वर्षाव केला. दगड त्यांना लागले नाहीत, नुसता ढीग झाला, असे कथा सांगते. मग सिद्धराम स्वतः रागाने तेथे आले. अल्लमांनी त्यांना जे सुनावले त्याचा मथितार्थ असा, की तळी आणि देवळे बांधून तू बाहेरचे काम केलेस, पण आतला ‘मी केले’ हा खडक फोडलास काय? सिद्धरामांनी मान खाली घातली. ते अल्लमांबरोबर कल्याणला गेले आणि पुढे अनुभवमंडपात शून्यपीठाच्या थोर स्थानावर बसले. शेवटी ते सोलापुरासच परतले. त्यांची समाधी येथेच आहे.

या गोष्टीचा अर्थ काही जण असा लावतात की अल्लमांना तळे खणणे हलके वाटले. हा अर्थ बरोबर नाही. त्यांना खटकले ते काम नव्हे, कामाचा अभिमान. शिवाय एक साधी गोष्ट पाहा. अल्लमांच्या बोलण्यानंतर सिद्धरामांनी तळे बुजवले नाही. वडार हा शब्दही शिवीसारखा ऐकला तो शिष्यांनी. खरे तर मातीवडार, गाडीवडार आणि पाथरवट वडार यांच्या हातची विद्या नसती तर या महाराष्ट्रात तळी, विहिरी, घाट, किल्ले काहीच उभे राहिले नसते. उतार कोणता, मुरूम कोठे लागेल, बांधाच्या पोटात काळी माती किती भरायची, हे त्यांना कागदाशिवाय कळे. सिद्धरामांना कोणी वडार म्हटले असेल तर त्यात कमीपणा कसला?

असो. जुने सांगून जुन्यातच रमायचे नाही. सिद्धरामांच्या तळ्यानंतर कितीतरी शतकांनी, १८७१ साली, सरकारने आदिला नदीवर एकरुखचा तलाव पुरा केला; त्यालाच हिप्परग्याचा तलाव म्हणतात. पुढे भीमेवर उजनी झाली. टाकळीहून पाणी आले. एवढे सगळे येऊनही सोलापूर शहराने कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली. जुळे सोलापूरच्या गृहिणींना याबद्दल जास्त सांगणे म्हणजे त्यांच्याच हंड्यातले पाणी त्यांनाच मोजून दाखवणे. येथे पूर्वी शेते होती, ज्वारी होती, बांधावर बाभळी आणि निंब होते. १९९२ च्या हद्दवाढीनंतर प्लॉट पडत गेले, सोसायट्या झाल्या, प्रत्येक घरामागे बोअर गेले. पाणी वर ओढणारी नळी प्रत्येकाने घातली. पाणी खाली सोडणारी नळी कितीजणांनी घातली, हे ज्याने त्याने आपल्या अंगणात जाऊन पाहावे.

यावर बऱ्याच जणांचे उत्तर ठरलेले असते. हे काम महापालिकेचे, ते काम सरकारचे. हे उत्तर अगदी खोटे नाही. गटाराचे पाणी तलावात जाऊ न देणे हे लोकांच्या हातच्या खराट्याने होण्यासारखे काम नव्हे, त्याला नळ, पंप आणि शुद्धीकरणाची व्यवस्थाच लागते, आणि ती मागण्याचा हक्क नागरिकांनी सोडता कामा नये. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, जुन्या लोकांचा कंबर तलाव, पाहा. त्यावर हिरवीगार जलपर्णी पसरलेली येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिली आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर, जांभळे. पण सांडपाण्यातले खत मिळाले की पंधरवड्यात दुप्पट होण्याची तिची ताकद आहे. पाण्यावर तिची गादी पसरली की खाली ऊन पोचत नाही, हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात. आता एखाद्या रविवारी पन्नास तरुण उतरले, दोन ट्रॉल्या जलपर्णी काढली, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या महिन्यात तलाव पुन्हा हिरवा! तरुण निराश होतात आणि म्हणतात, काही उपयोग नाही.

उपयोग असतो, पण कामाची रीत कळली पाहिजे. काढलेली जलपर्णी काठावरच टाकली तर पहिल्या सरीत ती पुन्हा पाण्यात जाते. ती दूर नेऊन वाळवावी लागते, तिचे खत करता येते. फूल येऊन बी पडण्याच्या आत ती काढावी लागते, कारण बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. एकदा साफ केल्यावर दर आठवड्याला काठाने फेरी मारून उरलेसुरले रोप वेचावे लागते. आणि वरून येणारे घाण पाणी थांबवण्यासाठी कचेरीत अर्जामागून अर्ज द्यावा लागतो. म्हणजे एक हात चिखलात आणि दुसरा हात अर्जावर. यातला एकच हात चालवणारे पुष्कळ असतात. कोणी नुसते अर्ज करतात, कोणी नुसता चिखल उपसतात.

तलावाच्या काठी जे चालते त्यात देवाच्या नावावर होणारी घाणही थोडी नाही, आणि ती या मांडवात बोलली नाही तर कोठे बोलायची? हार, फुले, बेल, दूर्वा, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि हे सगळे भक्तिभावाने पाण्यात. फुले कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, प्लास्टरची तशीच पडून राहते आणि महिनाभराने पाणी ओसरले की देवाचे हात-पाय उघडे पडतात. यापेक्षा विटंबना ती कोणती? निर्माल्यातले दोरे, जरी आणि प्लॅस्टिक वेगळे काढून उरलेली फुले खड्ड्यात घातली, वर थोडी माती आणि शेण टाकले, अधूनमधून हलवले, तर दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. देवळाच्या मागे चार फूट बाय चार फुटांचा खड्डा पुरतो. हे काम देवळातल्या गुरवाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. ज्यांनी हार आणला त्यांनीच दोरा काढून द्यावा.

या ठिकाणी संत गाडगेबाबांची आठवण होणे साहजिक आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले, १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवलेले हे बाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत. रात्री कीर्तन, पण दिवसा झाडलोट. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभारल्या. बाबांची युक्ती मोठी गमतीची होती. ते कोणाला ‘झाडा’ म्हणून सांगत नसत. म्हातारा माणूस चिंध्या पांघरून भर रस्त्यात झाडतो आहे हे पाहून बघणाऱ्यालाच लाज वाटे आणि तो खराटा शोधू लागे. आजही ज्या संस्थांत पुढारी भाषण करून निघून जातात तेथे काम उभे राहत नाही, आणि जेथे चार वडीलधारी माणसे पहाटे मुकाट्याने खोरे घेऊन जातात तेथे पोरे आपोआप येतात. अनुभव असाच आहे.

आता आजच्या प्रसंगाला सर्वांत जवळचे उदाहरण. पारनेर तालुक्यातले राळेगण सिद्धी. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी आले. गाव दुष्काळी, पाऊस सोलापुराहूनही कमी, आणि हातभट्ट्या भरपूर. गावचे यादवबाबांचे देऊळ मोडकळीस आलेले. त्याची लाकडेसुद्धा भट्ट्यांत जळाली होती असे सांगतात. या गड्याने कामाला सुरुवात कोठून करावी? पाण्यापासून नाही, दारूबंदीपासून नाही. देवळापासून! स्वतःच्या साठवणुकीतले पैसे त्याने देवळाच्या जीर्णोद्धाराला लावले. आधी लोक लांबून पाहत राहिले. मग एकेक येऊ लागला, दगड वाहू लागला. देऊळ उभे राहिले आणि त्याबरोबर गावाला एक गोष्ट कळली, आपण एकत्र येऊन एखादे काम तडीस नेऊ शकतो.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. गळणारा पाझर तलाव दुरुस्त झाला. नाल्यांवर बांध पडले, उतारावर झाडे लागली. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि नशाबंदी ही पाच सूत्रे गावाने मानली. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीचा जो प्रयोग चालवला होता, त्याचाही आधार मिळाला. विहिरींना पाणी वाढले, आणि जे गाव धान्य बाहेरून आणी तेथून कांदा बाहेर जाऊ लागला. सगळेच गोड होते असे मात्र नाही. दारू पिणाऱ्यांना देवळाच्या खांबाला बांधून मारल्याची हकीकत प्रसिद्ध आहे आणि तिच्यावर टीका झाली ती योग्यच झाली. श्रमदानाला ‘दान’ म्हणतात ते त्यात जबरदस्ती नसते म्हणून. काठीने करून घेतलेल्या कामाला वेठ म्हणतात.

साळुंख्यांच्या प्रयोगातला एक मुद्दा विसरू नये असा आहे. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठेवला. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला आणि उसाला मनाई केली. उसाच्या जिल्ह्यात हे बोलणे काहींना रुचणार नाही. पण श्रमदानात सगळ्यांची घमेली आणि वाढलेल्या पाण्यावर मात्र एका पंपाचा ताबा, असे जेथे झाले तेथे दुसऱ्या वर्षी कोणी खोरे उचलले नाही. गरीब माणूस भोळा असतो, पण दोनदा भोळा नसतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे ओळखले. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्यांनी आधी पाणी अडवले आणि मग पाण्याचा ताळेबंद मांडला. यंदा पाऊस किती, पिण्याला किती, जनावरांना किती, मग कोणते पीक. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असेही ठरवले. बँकेत पैसे भरणाऱ्याला शिल्लक विचारायची सवय असते, जमिनीत पाणी भरणाऱ्यालाही ती हवी.

सोलापूरकरांनी मान ताठ करावी असेही एक उदाहरण आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनने गावागावांत वॉटर कप स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पुढच्या वर्षांत तालुके वाढत गेले आणि २०१९ साली राज्यात पहिला क्रमांक आला तो बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाचा. सोलापूर जिल्ह्याचे गाव! भर एप्रिल-मे महिन्यातले पंचेचाळीस दिवस. सोलापूरच्या उन्हात बेचाळीस अंशांवर पारा जातो तेव्हा पहाटे आणि रात्री लोक डोंगरावर चर खणत. कोणी लग्नाच्या हळदीचे अंग घेऊन आले, कोणी पुण्या-मुंबईहून रजा काढून.

त्या कामाची रीत थोडी तपशिलाने सांगण्यासारखी आहे. आधी गावातली काही माणसे शिकायला जात. खोरे नंतर, शिकणे आधी. मग शिवारफेरी. पाणी कोठून येते, कोठे धावते, कोठे जमिनीला घळ पाडते, हे पायांनी पाहायचे. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम. सगळ्यात वर, टेकडीच्या उतारावर, सलग समतल चर. चर उताराला आडवा आणि पातळीत हवा. थोडा कलला तरी पाणी एका टोकाला जमून बांध फोडते. पातळी काढायला तीन काठ्यांची एक घोडी करतात, इंग्रजी ए अक्षरासारखी, मध्ये ओळंबा सोडलेला. ओळंबा खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. शाळेतली पोरेही हे सहज करतात. चराच्या खाली दगडी बांध, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, अगदी पायथ्याला नाल्याचे काम. पुष्कळ ठिकाणी घाईघाईत उलटे केले जाते, आधी यंत्र लावून नाला खोल करायचा. दिसायला ते मोठे दिसते. पण वरची माती अडवली नसेल तर दोन पावसाळ्यांत तो नाला गाळाने भरतो. आणि फार खोल नेला तर कडेच्या विहिरीचे पाणीच नाल्यात उतरते.

आणखी एक. केलेले काम दरवर्षी पाहावे लागते. चर गाळाने भरतात, बांधाला उंदीर-घुशी भोके पाडतात, जनावरे काठ तुडवतात. लग्नाची वरात सगळ्यांना आवडते, संसार कोणाला आवडतो? बक्षिसाची रक्कम आली, मिरवणूक निघाली, आणि त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी चर कोण साफ करतो, यावरच त्या गावाचे पाणी ठरते. देवळाचेही असेच नाही काय? ज्या देवळाला दर दिवाळीत चुन्याचा हात आणि दर उन्हाळ्यात छपराची डागडुजी मिळते, त्याला जीर्णोद्धार लागतच नाही.

झाडांबद्दल दोन शब्द. वृक्षारोपण हा आता सर्वांचा आवडता कार्यक्रम आहे. जुलैत खड्डा, एक रोप, आठ हात रोपाला लागलेले, आणि समोर कॅमेरा. एखादा खड्डा असाही असतो की त्याच खड्ड्यात वर्षानुवर्षे रोप लागते. त्या बिचाऱ्या खड्ड्याला फार अनुभव असतो. झाड जगवायचे असेल तर खड्डे उन्हाळ्यातच घ्यावे, म्हणजे माती ऊन खाते, किडी मरतात. पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की रोप लावावे. काटेरी कुंपण त्याच दिवशी. उद्या म्हणाल तर शेळी आज येते. आणि पहिले दोन उन्हाळे पाणी. रोपाशेजारी एक साधे मडके गळ्यापर्यंत पुरले आणि आठवड्यातून एकदोनदा भरले, तर ते झिरपत मुळाशी जाते, वाया जात नाही. पाझरायला मडके भाजलेले पण बिनगिलाव्याचे हवे. लावायचे ते आपल्या मातीचे लावावे, निंब, पिंपळ, वड, उंबर, करंज, बोर, बाभूळ. लवकर वाढते म्हणून परके झाड लावले तर सावली मिळते, पण पाखराला फळ नाही आणि मधमाशीला धड फूल नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी झाड हे पुण्यच, असेही नाही. सोलापूरजवळ नान्नजचा माळ आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तेथले अभयारण्य जाहीर झाले. हा पक्षी मोकळ्या गवताळ माळाचा. त्याला लांबवर दिसले पाहिजे, झाडी वाढली की तो बुजतो. अशा माळांना लोक ‘पडीक’ म्हणत आले आणि हौसेने झाडे लावत आले. शेती सरकली, रस्ते झाले, माळ तुटला. तेथे माळढोक आज बोटांवर मोजण्याइतकाही नियमाने दिसत नाही. गवताच्या जागी गवत राहू देणे हीदेखील सेवा आहे. अर्थात जुळे सोलापूरच्या तापलेल्या रस्त्यांच्या कडेला आणि सोसायट्यांच्या खुल्या जागांत झाडे कमीच आहेत. तेथे माळढोकाचे निमित्त करून कोणी स्वस्थ बसू नये.

सिद्धरामांनी सोलापुराच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि सारे शहर त्या वाटेने फिरते. भाविक पायी चालतो तेव्हा त्याला गाव दिसते. कोठे बारव बुजली, कोठे ओढ्यावर भराव पडला, कोणत्या कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग वाढला. वाहनात बसलेल्याला यातले काही दिसत नाही. वर्षातून एकदा तरी आपल्या वसाहतीची अशी पायी फेरी तरुण मंडळाने काढावी, हातात वही घेऊन. बुजलेली विहीर, वाळलेले रोप, उघडे गटार, सगळे टिपून घ्यावे. त्यातली जी कामे स्वतःच्या हातांनी होतील ती एका पानावर, ज्यांना अर्ज लागेल ती दुसऱ्या पानावर.

पहिल्या पानावर घेण्यासारखे एक काम तर याच मांडवाच्या डोक्यावर आहे. नवा सभामंडप बांधताना छपराला पन्हळी ठेवल्या जातात. हजार चौरस फुटांचे छप्पर धरले आणि वर्षाचा साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर सुमारे पन्नास हजार लिटर पाणी पडते. सांडलवंड, बाष्प, पहिल्या सरीचे धुऊन सोडलेले पाणी वजा केले तरी चाळीस हजार लिटर हाती लागते. दहा हजाराचे चार टँकर! टँकरला पैसे मोजताना जे हात कापतात तेच हात हे पाणी रस्त्यावर सोडून देतात. त्यासाठी लागते काय? पन्हळीखाली एक नळी, बोअरशेजारी एक खड्डा, तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू, आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी बाजूला काढायला एक तोटी. वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायची. हे चार माणसांचे दोन दिवसांचे काम आहे, आणि बांधकामातून उरलेली खडी बहुधा आवारातच पडलेली असते.

पन्हळीचे तोंड सध्या मोकळे आहे. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते; खड्डा त्याआधी व्हायला हवा.